जांबवंताची लेक आणि शेळगावची मेंढरं

या सदरातले चमत्कारांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. धाकट्या सुनेला त्याचा राग येतो, पण माझाही इलाज नाही. मी तंबूतल्या सिनेमाची मशीन चालवणारा माणूस. ऑपरेटर... गावोगावच्या भाषेत ‘अप्रेटर’. कृष्णाच्या बोटावरचं चक्र कसल्या तारेला बांधलेलं असतं, देव अंतर्धान पावतो तेव्हा कॅमेरा कसा मध्येच थांबवलेला असतो, आकाशातून पडणारी फुलं वर बसलेला कुणी माणूस टोपलीतून कशी टाकत असतो, हे सगळं मला पाठ. समोर बाया हात जोडून बसायच्या, पुरुष पायताणं काढून बाजूला ठेवायचे, आणि मी मशीनपाशी पान चघळत उभा. ज्याच्या हातून रोज संध्याकाळी चमत्कार सुटायचा, त्याचा चमत्कारावर विश्वास कसा बसणार?

तरी लिहितो आहे. एक तर शेळगावात जे झालं त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. आणि दुसरं म्हणजे, त्या संध्याकाळी शेळगावकरांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. तो फेटा माझा नव्हता. हे कुठंतरी नीट लिहून ठेवायला हवं होतं, ते मी पुढं ढकलत आलो.

सिनेमाचं नाव ‘जांबवंताची लेक’. आपल्याकडे बोलपट नवे नवे सुरू झाले त्या काळातला. गोष्ट सगळ्यांना माहीत असलेलीच... कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ येतो, तो आळ धुऊन काढायला कृष्ण रानात जातो, गुहेत जांबवंत अस्वलाशी कुस्ती होते, आणि शेवटी मणीही मिळतो आणि जांबवंताची मुलगीही. गाणी किती, विचारू नका. कृष्ण पाणी मागायचा ते गाण्यात, पाणी पिऊन झाल्यावर आभार मानायचा तेही गाण्यात. तेव्हा गाणं आधी रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोरच गायचा आणि पेटी-तबलेवाले झाडामागे लपून बसायचे. नीट पाहिलं तर एका बुंध्याआडून तबलजीचं कोपर दिसायचं. जांबवंताचं अस्वलाचं कातडं म्हणजे काळ्या घोंगड्या शिवून केलेला अंगरखा होता, आणि कुस्ती रंगात आली की तो काखेत उसवायचा! पण लोकांना त्याचं काही नव्हतं. कृष्ण आला की पडद्यावर पैसे उडायचे.

आमच्या तंबूकडे या सिनेमाची नंतरच्या काळात काढलेली कॉपी होती. त्यात रानाच्या वाटेवरचा एक छोटा प्रसंग होता. कृष्णाला गुहेची वाट सापडत नाही. तिथं एक धनगराची पोर मेंढरं राखत असते. ती ओवीच्या दोन ओळी म्हणते, मग मेंढरांना हाळी घालते, म्हणजे लांब सूर काढून हाक मारते. झाडीतली मेंढरं धावत तिच्याकडे येतात, वाट मोकळी होते आणि पलीकडे गुहेचं तोंड दिसतं. झालं. मिनिट-दीड मिनिटाचा प्रसंग.

जत्रेत एकामागून एक खेळ बसवायचे तर सिनेमा छोटा करावा लागे. आमचे मालक म्हणाले, “काप काहीतरी.” देवाला कापलं तर लोक तंबू पेटवतील. अस्वलाला कापलं तर पोरं रडतील. म्हणून मी त्या मुलीला कापलं. दोन टोकं जोडली आणि मधली पट्टी जत्रेतल्या पोरांना वाटून टाकली. उन्हात धरून बघायला त्यांना असले तुकडे फार आवडायचे. सगळे तंबूवाले हे करत. त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

वाटलं ते शेळगावात. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील, मी विशी-बाविशीतला. खेळ सुटला आणि एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन थेट मशीनपाशी आली. तिचं नाव तान्हूबाई म्हणू. खरं नाव वेगळं आहे.

“पाव्हनं, माझं गानं कुठं गेलं?”

“कसलं गाणं?”

“मेंढरांचं. मी हाय की त्यात!”

आणि तिने तिथंच, एका दमात सगळं सांगितलं. तिचं माहेर कऱ्हाटीकडचं. लहानपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन पुण्याच्या अंगाला नदीकाठी उतरली होती. एका सिनेमा कंपनीने शूटिंगसाठी त्यांची मेंढरं नेली. पण ते लख्ख दिवे बघून मेंढरं कोपऱ्यात दाटली ती हलेनात. बाप ओरडला, कंपनीची माणसं पाला दाखवून थकली. शेवटी या पोरीने हाळी घातली आणि सगळा कळप तिच्या पायांत येऊन उभा राहिला. कंपनीचा मुख्य माणूस म्हणाला, पोरीला तिथंच उभी करा. “आन त्या अस्वलाच्या अंगावरची घोंगडीबी आमचीच हाईत,” हेही तिने सांगितलं.

तिच्यामागे अख्खं सासर उभं होतं. सासू, नवरा, धाकटा दीर. सूनबाई सिनेमात आहे म्हणून बैलगाड्या जुंपून आले होते. माझ्या शेजारी मालक उभे. खरं बोलायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, “बाई, या सिनेमात तसलं काही नाहीच. तुम्ही दुसरा कुठला तरी बघितला असेल.”

पहिल्यांदा हसला तो दीर. मग सगळेच हसले. नवरा हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि गाडी जुंपायला गेला... ते जास्त वाईट होतं.

पुढं दर दोन-तीन वर्षांनी आमचा तंबू शेळगावला जायचा, आणि दर वेळी माझ्या कानावर तेच यायचं. कुणी थाप मारली की दुसरा म्हणणार, “तान्हूबाईचा शिनेमा हाय ह्यो!” पोरंसुद्धा म्हणायची. थाप म्हणजे तान्हूबाईचा शिनेमा, असं त्या गावात ठरूनच गेलं होतं. आणि त्या सगळ्या वर्षांत ती बाई पुन्हा तंबूत आली नाही.

आता मूळ गोष्ट. नव्वद सालानंतर केबल आली, व्हिडिओ आला, आणि तंबू बसत गेले. मी बारामतीत घरी बसलो होतो. आमच्या मालकांचा मुलगा रमेश सोमेश्वरनगरला ऊसतोडीवाल्यांच्या वस्तीजवळ तंबू लावून कसाबसा तग धरून होता. एकदा घरी आला आणि म्हणाला, “काका, हा शेवटचा सीझन. सामान काढतोय. एका ट्रंकेत जुना पौराणिक पडलाय. भंगारात देऊ का?”

मी ट्रंक उघडली. ‘जांबवंताची लेक’!

घरी आणून सगळी रिळं हातावरून सोडून पाहिली. बऱ्याच ठिकाणी ओरखडे, काही ठिकाणी भोकं फाटलेली, पण चालेल अशी. आणि रानाच्या त्या जागी माझा जोड, माझ्या हाताचा. जोडाच्या अलीकडे कृष्ण रानात शिरतो, पलीकडे थेट गुहा. मी रमेशला म्हणालो, “भंगारात देऊ नकोस. चैत्रात शेळगावची जत्रा आहे. पहिला खेळ याचा लाव. मशीन मी चालवतो.”

मनात ठरवलं होतं ते असं — तो जोड मशीनमधून गेला की मशीन बंद करायची, माइक हातात घ्यायचा आणि सगळ्या गावासमोर सांगायचं की इथं तान्हूबाई होती आणि मी तिला कापलं. नंतर लोकांनी काय करायचं ते करावं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेलो. तान्हूबाई सत्तरीच्या पुढे गेली होती. नवरा वारला होता. काही वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं, तेव्हापासून आवाज गेलेला. बोलायची ते जवळ बसलं तरच ऐकू यावं असं, नुसतं घोगरं कुजबुजणं. दीर, ज्याला सगळं गाव आबा म्हणे, ओसरीवरच बसला होता.

“मी तंबूतला ऑपरेटर. उद्या तोच जुना सिनेमा लावतोय. आक्का, तुम्ही यायचं.”

“च्या घ्या,” ती म्हणाली. “शिनेमाला मी न्हाय येनार.”

आबा मोठ्याने हसला. “वैनी, चला की वो! ह्या बारीला तरी दिसाल. कवा नटी व्हनार मग?”

“गप ऱ्हा. तुझ्या बायकुला ने.”

“ती म्हनती, आदी वैनीस्नी दिसू द्या, मंग मी येती.”

तिथं तिच्या माहेरचा भाचाही होता, बिरा. भावाचा मुलगा. माहेरी सगळ्यांनी मेंढरं विकून ऊस लावला, एकट्या बिराने कळप ठेवला होता. नांगरटीआधी रानाला खत मिळावं म्हणून त्या आठवड्यात आबाने त्याची मेंढरं आपल्याच रानात बसवली होती, तंबूच्या मैदानाला लागूनच. बिरा म्हणाला, “आत्ते, चल गं. मी हाय की संगं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली नाही, तेवढंच त्या दिवशी बरोबर केलं. म्हणाली, “यीन. पर ह्यो हसला तर मधीच उटून जाईन.”

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला पहिला खेळ सुरू झाला. मशीनला नारळ फोडला. तंबू गच्च! केबल आली होती तरी जत्रेतला पौराणिक म्हटल्यावर लोक आले. मध्ये कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. तान्हूबाई पुढच्या ओळीत. बिरा माझ्याशेजारी उभा, तोंडात तंबाखूचा बार. आबा पुरुषांत, वाट बघत असल्यासारखा. आत एक लाउडस्पीकर आणि गिऱ्हाईक बोलवायला बाहेर खांबावर एक कर्णा, दोन्ही चालू.

कृष्ण रानात शिरला. माझ्या एका हातात माइक, दुसरा स्विचवर. जोड मशीनमधून जाताना बारीक ‘टक’ आवाज येतो, तो आला. मी ऐकला. स्विच दाबणार...

पडद्यावर गुहा आली नाही.

पडद्यावर ती मुलगी होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दगडावर एक पाय. ती ओवीच्या दोन ओळी गायली. मग तिने हनुवटी वर केली आणि हाळी घातली...

कसं सांगू! मी तो प्रसंग तरुणपणी कितीदा तरी दाखवला होता, पण असा आवाज कधी निघाला नव्हता. जुन्या पट्टीची खरखर नाही, काही नाही. बिराच्या तोंडातला बार खाली पडला. “ही आमची हाळी,” तो म्हणाला. “आमच्या घरची!”

पडद्यावरची मेंढरं धावत आली. आणि त्याच वेळी बाहेरून आवाज आला. पाऊस पडावा तसा, पण जमिनीवरून. बिराच्या कळपाने जाळीचं कुंपण आडवं केलं होतं आणि अख्खा कळप बायांच्या बाजूने तंबूत घुसला!

काय गोंधळ झाला म्हणता! बाया लुगडी सावरत उठल्या, पोरं टाळ्या पिटायला लागली, एक एडका कनातीत शिंगं अडकवून कनातीसकट पुरुषांत गेला. “आरं धरा, धरा!” “माझी चप्पल!” “आगं ए, मांडीवर बसलं की गं ह्ये!” एक कोकरू तर शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत उभं. आणि सगळा कळप कुठं गेला? बाकीच्यांना ओलांडून, चुकवून, थेट तान्हूबाईच्या भोवती. तिला हालायला जागा ठेवली नाही.

माझ्या हातातला माइक कुणीतरी ओढला. आबा! रडत होता, हसत होता, मला समजेना.

“आरं आयका!” कर्ण्यातून साऱ्या जत्रेला ऐकू गेलं. “आमची वैनी खरं बोलत हुती रं! पयल्यापास्नं खरं बोलत हुती! ह्यो आबा गाढाव हाय!”

गावाने टाळ्या वाजवल्या. कशाला, त्याच्या गाढवपणाला की तिच्या खरेपणाला, कोण जाणे. आबा मेंढरांतून वाट काढत गेला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. एका मेंढीने त्याची टोपी खाल्ली, निदान प्रयत्न तरी केला. मग तिथंच, सिनेमा थांबवून, तान्हूबाईला साडीचोळी झाली. आणि कुणीतरी ओरडलं, “अप्रेटर तात्यांनी शोधून आनला शिनेमा! बांदा त्यास्नी फेटा!”

मी ‘नको नको’ म्हणत होतो. लोकांना तो विनय वाटला. त्या कल्ल्यात माझं बोलणं कुणाला ऐकू येणार होतं? असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर मी मोठ्याने बोललोच नाही.

खेळ संपल्यावर मी रीळ उतरवलं. रमेश आणि बिरा समोर, बत्तीच्या उजेडात हातावरून सोडलं. जोड जागेवर. अलीकडे कृष्ण, पलीकडे गुहा. मध्ये काही नाही. परत मशीनवर चढवलं. टक... आणि गुहा. रमेश म्हणाला, “काका, दुसरी कॉपी मिसळली असेल.” दुसरी कॉपी नव्हतीच. सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर मेंढरांना कसला भास? बिराने हाळी घातली म्हणावं, तर तो माझ्या खांद्याला लागून उभा होता. तान्हूबाईला तर आवाजच नव्हता. त्यानंतर ते रीळ मी कितीतरी वेळा लावून पाहिलं आहे. गुहाच येते.

शेळगावात आता उलटं झालं आहे. एखाद्याचं कुणाला पटेनासं झालं की तो छाती काढून म्हणतो, “तान्हूबाईचा शिनेमा हाय ह्यो, बगशील!”

मी मात्र फेट्याकडे बघायचो आणि जेवण जायचं नाही. शेवटी गेल्या वर्षी एसटीने शेळगावला गेलो. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. कापलं ते, पोरांना वाटलं ते, आणि तोंडावर खोटं बोललो ते.

ती फोडत राहिली. मग मूठभर टरफलं उचलून माझ्या तोंडावर फेकली.

“चाळीस वर्सं!” त्या कुजबुजत्या आवाजात. “धनी मला लबाड समजून गेलं माजं.”

मी बसून राहिलो. तिने उठवलं असतं तर उठलो असतो. तिने उठवलं नाही. मग म्हणाली,

“कापायच्या आदी तू बगितलं हुतंस न्हवं?”

“पुष्कळदा.”

“आन त्या दिशी?”

“त्या दिवशीही.”

“मग सांग. म्या कुठं बगितलं?”

मला कळेना. “म्हणजे? तुम्ही पुढच्याच ओळीत होता की.”

“आरं, रान आलं तसं आबा हसंल म्हनून म्या डोळं मिटलं; हाळी आयकून उगडती तवर मेंढरं घुसली न्हवं! बायांची तान्ही पोरं खाली निजल्याली. त्यास्नी तुडवत्याल म्हनून म्या उटले, पडद्याकडं पाट केली आन मेंढरं आडवली. नुसतं गानं आयकलं. मागं वळून बगतीया तर तुजं अस्वाल!”

आणि ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी. मलाही हसू आवरेना. सगळ्या गावाने तिला पाहिलं होतं, एक तिनेच नव्हतं.

मग मी सांगितलं. घोंगडी कुठल्या खांद्यावर होती, कंपनीने घातलेली नथ कशी मोठी होत होती, एक कोकरू घोंगडीचं टोक कसं ओढत होतं. आणि मागे उभा राहिलेला कृष्ण, तो कसा हसला. ते त्याला सांगितलेलं नसणार, कारण त्यानंतर तो आपलं वाक्य विसरतो.

“किस्न हसला?”

“हसला.”

“माज्याकडं बगून?”

“तुमच्याकडेच बघून.”

तिने तोंडाला पदर लावला.

हे लिहायची परवानगी तिनेच दिली, नाव बदलायच्या अटीवर. आबाला अजून काही माहीत नाही. छापून आलं की कळेल. “कळू दे,” ती म्हणाली, “त्योबी जरा टरफलं फेकंल.” त्या संध्याकाळी ती हाळी कुठून आली, हे मात्र आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. ती विचारतही नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मी शेळगावला जातो. चहा होतो. शेजारच्या दोन-चार बाया येऊन बसतात. तान्हूबाई पाय लांब करते, डोळे मिटते आणि म्हणते, “अप्रेटर, लाव.”

आणि मी तोंडानेच लावतो. अगदी पहिल्यापासून... काहीही न कापता.